प्रत माहितीसाठी

जावकताईंच्या खुर्चीला पाय चार होते, पण जमिनीला टेकायचे तीनच. चौथ्याखाली शिपाईकाकांनी अकरा वर्षांपूर्वी फडक्यात गुंडाळून कसलासा ठोकळा सरकवला होता. तेव्हापासून ताईही विसरल्या आणि काकाही विसरले. वजनमापं तपासणाऱ्या त्या कचेरीचं सगळं टपाल या एका खुर्चीवरून यायचं आणि जायचं, म्हणून बाई 'जावकताई'. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

ताईंचा हात कामाला असा बसला होता की विचारू नका. पत्र कुठलंही असो, खाली 'प्रत : साहेब, माहितीसाठी' लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. एकदा दुपारचा चहा सांगायची चिठ्ठीसुद्धा साहेबांच्या टेबलावर पोचली होती, आणि साहेबांनी तिच्यावर 'साखर कमी' असा शेरा मारून ती परत पाठवली होती.

तर हे साहेब शुक्रवारी निवृत्त होणार होते. सोमवारीच त्यांनी सगळ्यांना बोलावून बजावलं, "निरोपसमारंभ नको. भेट तर मुळीच नको. कुणी आणलीच, तर पावती करून सरकारजमा करीन."

"आणि करतील हो हे!" बाहेर आल्यावर कॅशियर म्हणाले.

"म्हणून त्यांना शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही," ताई म्हणाल्या. "पाचला दहा मिनिटं कमी असताना समोर ठेवायची. पावती करायला वेळच नको त्यांना!"

ताईंचा जीव या भेटीत अडकला होता, त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका दुकानदाराची जप्तीची नोटीस भलत्याच दुकानदाराला धाडली होती. तो माणूस कचेरीत येऊन थयथयाट करू लागला, तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले होते, "सही माझी, चूक माझी." ताईंना एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून ताईंच्या मनात होतं की या माणसाला एकदा तरी काहीतरी नीट, बिनचूक, योग्य पत्त्यावर पोचवायचं.

साहेबांची कंबर दुकानादुकानांत उभं राहून कामातून गेली होती. म्हणून आरामखुर्ची घ्यायची ठरली, जोडीला वाचायचा दिवा आणि थर्मास. सगळ्यांनी वर्गणी दिली, म्हणजे सगळ्यांना मत देण्याचा हक्क आला. खरेदी ऑनलाइन करायची होती, म्हणून ताईंनी भाचीला फोन लावला.

"मावशी, पासवर्ड कुणाला द्यायचा नाही हं," भाचीने सांगितलं. "वस्तू कार्टमध्ये टाक आणि कार्टची फक्त लिंक पाठव. नुसतं बघू द्यायचं की बदलू द्यायचं, ते आधी निवड. कुणाला पाठवतेयस ती नावं तपास. आणि पैसे भरण्याआधी कार्ट पुन्हा एकदा बघ."

"अगं, बावीस वर्षं टपाल पाठवतेय मी. मला शिकवतेस?"

ताईंनी 'बदलू द्यायचं' निवडलं. वर्गणी घेऊन नुसतं बघायला लावणं बरं दिसलं नसतं. मग टायपिस्टबाई, कॅशियर आणि शिपाईकाका अशी तीन नावं चष्मा पुसून दोनदा तपासली आणि मेल धाडून दिला. कार्टच्या कोपऱ्यात 'पाच जण सहभागी' असं आलं. ताईंनी बोटं मोजली. आपण धरून चार. पाचवी भाची असणार, लक्ष ठेवून असेल कार्टी!

मंगळवारी सकाळी दिवा गायब. त्याच्या जागी शेरा होता : 'दिवा : गरज नाही. ट्यूबलाइट चालू आहे.'

"कॅशियर, तुमचंच काम हे," टायपिस्टबाई कडाडल्या. "तुम्हाला कुणासाठी चार पैसे सुटलेले बघवत नाहीत."

"मी? अहो, लिंक कुठं उघडायची तेच मला सापडलेलं नाही अजून!"

"मग ही भाषा कुणाची?"

"सगळ्यांचीच. साहेबांनी इतकी वर्षं आपल्याला दुसरी शिकवलीय कुठं?"

हे मात्र खरं होतं. शिपाईकाकासुद्धा रजेच्या अर्जात 'सासू : आजारी. जाणे आवश्यक' असंच लिहायचे.

ताईंनी दिवा परत टाकला. दुपारी थर्मास गेला : 'टेबलावर चहा नको. कागद भिजतात.' टायपिस्टबाईंना आता शिपाईकाकांचा संशय आला, कारण थर्मास आला तर काकांच्या चहाच्या फेऱ्या कमी होणार. काकांनी दोन तास अबोला धरला आणि कुणालाच चहा दिला नाही. सकाळच्या आरोपाच्या रागाने कॅशियरनी काकांची बाजू घेतली, की टायपिस्टबाईंनी कॅशियरशी बोलणं टाकलं. बुधवारपर्यंत कचेरीत अशी अवस्था आली की ज्याला त्याला काही सांगायचं असलं की तो ताईंना सांगायचा. त्याचीही आवक-जावक सुरू झाली.

तिकडे साहेबांना वेगळाच घोर होता. नव्या साहेबांकडे कारभार सोपवायचा म्हणून ते जप्त वजनांची यादी ताडून पाहत होते, आणि अर्ध्या किलोचं एक खोटं वजन सापडत नव्हतं.

"आयुष्यभर लोकांची मापं धरली," ते हताश होऊन म्हणाले, "आणि जाताना माझ्याच यादीत अर्धा किलो कमी! काय तोंड दाखवू?"

ते ऐकून ताई उठल्या. त्यांनी कोठीची खोली पालथी घातली, कपाटामागे हात घालून कोपरं खरचटून घेतली, आणि दमून आपल्या खुर्चीत येऊन बसल्या. खुर्ची नेहमीसारखी कुईं करून डावीकडे कलली.

कार्ट उघडून बघतात, तर आरामखुर्चीच नाही! तिच्या जागी चाकांची, पाठीला आधार देणारी टेबलाची खुर्ची. खाली शेरा : 'आरामखुर्ची : अयोग्य. बसणाऱ्यास झोप येईल.'

"बास झालं!" ताई इतक्या जोरात ओरडल्या की तिघे अबोला विसरून धावत आले. "निवृत्त माणसाला झोप आली तर तुमच्या बापाचं काय जातं? कोण करतंय हे? समोर या!"

तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

ताईंनी सगळ्यांच्या देखत आरामखुर्ची, दिवा, थर्मास परत कार्टमध्ये टाकलं आणि ती चाकांची काढून फेकली. "आत्ताच्या आत्ता पैसे भरते. कुणी हात लावायचा नाही. कॅशियर, तुमचं कार्ड?" कार्ड तिजोरीत होतं, तिजोरीची किल्ली डब्यात, आणि डबा सायकलीच्या पिशवीत. कॅशियर परत येईपर्यंत वीस मिनिटं गेली. ताईंनी कार्ड घेतलं आणि थेट पैसे भरून टाकले. पाकीट एकदा बंद केलं की पुन्हा उघडून बघायचं नाही, हा त्यांचा बावीस वर्षांचा शिरस्ता. भाचीचं वाक्य त्यांना आठवलं, नाही असं नाही. पण पैसे भरल्यावर आठवलं.

शुक्रवारी दुपारी चारला खोकं आलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना सगळे साहेबांच्या खोलीबाहेर जमले. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात अजून ती यादी होती. अर्ध्या किलोसमोर लाल प्रश्नचिन्ह होतं.

"साहेब, रागावू नका," ताई म्हणाल्या. "आमच्या सगळ्यांकडून..."

शिपाईकाकांनी खोकं फाडलं. आतून चाकांची, पाठीला आधार देणारी टेबलाची खुर्ची बाहेर आली. एकटीच. दिवा नाही, थर्मास नाही. ताईंना आता रडू कोसळणार, इतक्यात साहेबांचा चेहरा उजळला.

"आली? वा! दोन दिवसांत! ताई, बसा बघू."

"मी?"

"मग कोण? तुमचंच मागणीपत्र ना? प्रत माझ्याकडे माहितीसाठी आली होती." साहेब खुशीत आले. "मला वाटलं, ते ऑनलाइन खरेदीचं परिपत्रक आलं होतं, त्याप्रमाणे मागवताय. पण ताई, आरामखुर्ची? कचेरीत? चुकून बटण दाबलं असेल म्हणून मी बदलली. तुम्ही परत टाकली. मी परत बदलली. हट्टी आहात बाकी!"

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"साहेब," त्या कशाबशा म्हणाल्या, "ती तुमची निरोपाची भेट होती हो."

साहेब थांबले. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की आपलीच भेट आपण तीन शेरे मारून नामंजूर केली आहे. मग ते हसायला लागले. त्यांना हसताना कुणी कधी पाहिलं नव्हतं; टायपिस्टबाई घाबरून पाणी आणायला धावल्या.

"तुमच्या खुर्चीसाठी मी वर नऊ पत्रं लिहिली," डोळे पुसत ते म्हणाले.

"माहितीय की साहेब. नऊही मीच जावक केली. नकार मीच आवक केले."

"मग बसा आता. निदान जाताना एक मागणी मंजूर झालेली बघू दे मला."

"आणि भेट?"

"भेट माझी ना? मग ती कुणाला द्यायची ते मी ठरवणार. काका, ती जुनी खुर्ची उचला."

काकांनी जुनी खुर्ची उचलली. फडक्यात गुंडाळलेला ठोकळा तेवढा जमिनीवर राहिला. काकांनी तो पायाने सरकवून पाहिला, तर पायच दुखावला. वाकून फडकं सोडलं, तर आत पितळी वजन. अर्धा किलो. बुडाला जप्तीचा शिक्का.

सगळे वाकून बघू लागले.

"मला वाटलं, खोटंच आहे," काका पुटपुटले, "काही कामाचं नाही..."

साहेबांनी ते वजन दोन्ही हातांत घेतलं. खिशातून पेन काढलं, लाल प्रश्नचिन्ह खोडलं, आणि तिथे बरोबरची खूण केली. मग यादी घडी करून ताईंच्या हातात दिली.

"ताई," ते म्हणाले, "मी आरामखुर्चीत बसलो असतो ना, तरी मला झोप लागली नसती. आता लागेल."

सोमवारी सकाळी ताई नव्या खुर्चीत बसल्या. ना कुईं, ना कलणं. कंबरेला कसा छान आधार! दुकानाने 'वस्तू कशी वाटली?' असं विचारलं होतं. ताईंनी चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या, आणि या वेळी अगदी जाणूनबुजून, चष्मा पुसून, साहेबांच्या घरच्या पत्त्यावर प्रत धाडली. माहितीसाठी.

मिनिटभरात उत्तर आलं : 'खुर्ची : समाधानकारक. उंची दोन इंच कमी करावी, पाय लोंबकळत असणार.'

ताईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं. लोंबकळत होते.