सकवारबाईंच्या फ्रीजमधली ठेव

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेतला फ्रीज बंद पडला आणि संयोगिता अमेरिकेहून आलेलं किट छातीशी धरून घरी आली. माणसाच्या रक्तात पेशींचे निरोप झेलणारे बारीक बारीक रिसेप्टर असतात, ते मोजायचं हे किट. ते मागवता मागवता तिच्या नाकी नऊ आले होते, आणि त्याच्याशिवाय प्रबंध पुरा होणार नव्हता. सोमवारपर्यंत ते गार राहायला हवं होतं, पण गोठायला नको होतं.

इंदिरानगरच्या त्या गल्लीत सगळ्यांत मोठा फ्रीज तिच्या सासूबाईंचा, सकवारबाईंचा. कुणाच्याही घरचं कार्य असो, श्रीखंड आणि फुलं तिथंच. नवरात्रात तर त्या फ्रीजला देवघराचंच सोवळं.

“आत काय आहे गं?” सकवारबाईंनी विचारलं.

शिकलेली बाई, पण वेळेवर खोटं सुचेल तर शपथ. “उंदरापासून काढलेली अँटीबॉडी, आत्याबाई.”

“घट बसलेत घरात, आणि नैवेद्याच्या दुधाशेजारी उंदीर?”

“उंदीर नाही हो, उंदरापासून…”

“तेच ते.”

संयोगिता आंघोळीला गेली तेवढ्यात सकवारबाईंनी खोका वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गुरुराजकडे पोचवला. “सुनेचं औषध आहे,” एवढंच सांगितलं. पण गुरुराज बँकेतला माणूस, शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचणारा. खोक्यावरचा ‘माऊस’ त्याला लगेच दिसला. त्याच्याही घरी नवरात्र होतं. आता सकवारबाईंना त्यांचा खोका परत करायची छाती गल्लीत कुणाची होती? त्यानं तो कोपऱ्यावरच्या बेकरीत नेला.

“फॉरेनचं औषध आहे, कल्लाप्पा. गार ठेव, गोठवू नको. कुणाचं ते विचारू नको.”

कल्लाप्पानं तो कोल्ड्रिंकच्या कपाटात ठेवला. संध्याकाळी केकच्या ऑर्डरी आल्या, जागा पुरेना. गार आणि भरवशाची जागा गल्लीत एकच. त्यानं खोका पेपरात गुंडाळला, सुतळी बांधली आणि सकवारबाईंचं दार वाजवलं.

“अक्का, नाजूक सामान आहे. सोमवारपर्यंत स्वल्प ठेवून घ्या.”

“सरी,” सकवारबाईंनीही त्याच्या कानडीतच होकार भरला, “आण इकडं. एवढ्या विश्वासानं आलास.”

तोवर किट नाहीसं झालेलं पाहून संयोगिता सासूबाईंना विचारून वर गुरुराजकडे, तिथून बेकरीत पोचली होती. रडायचीच बाकी होती बिचारी.

“सेफ जागी ठेवलंय, घाबरू नका,” कल्लाप्पा म्हणाला. “तुमच्याच घरी.”

धावत येऊन तिनं फ्रीज उघडला. मधल्या फळीवर, दुधाला अगदी खेटून, सुतळीचं पुडकं.

“हात लावू नकोस,” मागून आवाज आला. “परक्याची ठेव आहे ती.”

संयोगितेनं तोंड उघडलं. मग तिला उंदीर आठवला आणि तिनं ते मिटलं.

रविवारभर सकवारबाईंनी फ्रीजवर पहारा दिला. त्यांचे यजमान जयसिंगराव गार पाण्याची बाटली घ्यायला गेले, तर त्यांना माठ दाखवला. “सारखं दार उघडलं की गारवा जातो. लोकाचं सामान आहे.” प्रयोगशाळेत त्या किटची इतकी बडदास्त कुणी ठेवली नसती. संयोगिता पदराआड हसत होती.

सोमवारी कल्लाप्पा पुडकं घेऊन गेला आणि कोपऱ्यावर त्यानं ते संयोगितेच्या हातात दिलं. प्रयोग झकास झाला. संध्याकाळी सकवारबाई म्हणाल्या, “बघितलंस? सामान असं सांभाळायचं असतं. तुझा तो खोका गुरुराजकडून पुढं कुठं गेला, त्या देवालाच ठाऊक.”

“चुकलंच माझं, आत्याबाई.”

पुढचं किट आलं तेव्हा संयोगितेनं ऑटो घरापुढं नेलीच नाही. बेकरीपाशी उतरली आणि म्हणाली, “कल्लाप्पा, थोडी सुतळी काढा.”