शोकेसमधलं अस्वल

आमच्या समोर राहणाऱ्या नार्वेकरकाकांच्या टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आहे. त्यात नवल नाही, नवघरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या रिमोटांना असते. पण काकांच्या सोफ्यावरही दुकानातलं प्लास्टिक तसंच आहे. उन्हाळ्यात त्यावरून उठताना चर्रकन आवाज येतो आणि आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. चुकून हात कुठे गेला, की काका म्हणणार, "हात नको लावू हां. वस्तू टिकली पायजे."

सगळ्यात कडक पहारा शोकेसवर. आत ढोल वाजवणारं चावीचं अस्वल. मुलगा सुधीर लहान असताना काकांनी हौसेने आणलेलं. सुधीरच्या हातात ते एकदाच आलं, फोटोपुरतं. पुढे सुधीर मेलबर्नला गेला, काकू वारल्या, अस्वल आपलं काठ्या उगारून उभंच.

नात मिठी काकांनी पाहिली होती ती केबिन रोडच्या सायबर कॅफेत, वेबकॅमवर. एका मे महिन्यात सुधीर तिला पहिल्यांदाच घेऊन आला. काकांना काय करू नि काय नको असं झालं. मुंबईत मुलांचं एक म्युझियम आहे असं कळल्यावर त्यांनी गाडीच ठरवली. सोबतीला मला घेतलं.

तिथे प्रत्येक वस्तू मुलांनी हाताळायची होती. काकांना हे कोण सांगणार? पांढऱ्या शर्टात ते पाणचक्कीजवळ उभे राहिले आणि लोकांच्या पोरांना दटावू लागले, "ए, हात मत लगाओ, टूट जायेगा!" एका बाईने त्यांना तिथलाच माणूस समजून टॉयलेट कुठे म्हणून विचारलं. काकांनी तेही रुबाबात दाखवलं. शेवटी तिथे काम करणारी मुलगी हसत म्हणाली, "काका, इथे हात लावायचाच असतो."

काका बाजूला झाले. पलीकडे चावीच्या खेळण्यांपाशी सुधीर गुडघ्यांवर बसला होता. मिठी केव्हाच दुसरीकडे गेली होती; हा एकटाच चाव्या फिरवत होता. काका बराच वेळ बघत राहिले.

"ह्याला असा खेळताना मी कधी बघितलाच नाय रे," ते मला म्हणाले.

घरी आल्या आल्या त्यांनी शोकेस उघडलं. अस्वल धोतराच्या मऊ फडक्याने पुसलं आणि मिठीपुढे धरलं.

"घे, तुला. मेलबर्नला घेऊन जा. लाव हात."

मिठीने चावी फिरवली. अस्वल हललं नाही. तिने जोर लावला, तशी एक काठी थरथरली आणि आत कट्‌कन काहीतरी तुटलं.

"आजोबा, इट्स ब्रोकन."

"राहू दे, बाबा," सुधीर म्हणाला. "बॅगेत जागापण नाहीये." त्याच्या मनात काही नव्हतं, तो सहजच बोलला.

"हो, हो. जागा नसणारच," काका म्हणाले.

दोघं परत गेली. आता अस्वल बाहेर टीपॉयवर असतं. काल मी गेलो, तर सवयीने हात मांडीवर ठेवून बसलो. काकांनी अस्वल माझ्याकडे सरकवलं.

"फिरव जरा चावी."

"काका, ते बंद पडलंय ना."

"माहितीये रे मला. तरी लाव हात."

मला फार वाईट वाटलं. माझ्या हातात चावी नुसतीच गरागरा फिरत होती, आणि काका समोर बसून बघत होते.