ट्रकवरची आत्या

गुपित पोटात ठेवावं तर ते आमच्यासारख्यानं! आमच्या कारखान्यात ट्रकवरून रॉकेटं सोडायचं यंत्र तयार होतं, आणि त्याची आखणी मी करतो. ट्रकच्या पाठीवर नळ्यांची एक भलीमोठी चौकट. ती उठते, आभाळाकडे तोंड करते आणि एकामागून एक रॉकेटं सोडते. घरी मात्र मी 'ट्रकचं काहीतरी' करतो, एवढंच ठाऊक.

फोनवर रॉकेट हा शब्द काढायचा नाही, असा आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांचा दंडक. म्हणून यंत्राला टोपणनाव ठेवायची बैठक भरली. कुणी वाघ म्हणालं, कुणी वीज, कुणी वादळ.

मी म्हणालो, "आत्या!"

"आत्या का हो?"

"जड आहे, उठायला वेळ लावते. पण एकदा सुरू झाली की रिकामी झाल्याशिवाय थांबत नाही आणि समोरचा शिल्लक राहत नाही!"

मंडळी पोट धरधरून हसली. नाव पक्कं झालं. शत्रूच्या सात पिढ्यांना पत्ता लागणार नाही, म्हणून मी छाती फुगवून घरी आलो.

घरी माझी खरी आत्या असते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि अजूनही ती मला 'ठोंब्या' म्हणते. तिचे गुडघे दुखतात, कंबर धरते, पण जीभ अगदी ठणठणीत आहे.

लष्कराचे पाहुणे सोमवारी यंत्र बघायला येणार होते. रविवारी सकाळी मी दाढीला साबण फासून उभा होतो आणि फोरमनचा फोन आला. हात फेसानं माखलेले, म्हणून मी स्पीकर लावला.

"साहेब, घात झाला! आत्या कंबरेत अडकली!"

कंबर म्हणजे चौकटीखालची बिजागरी. मी म्हणालो, "ट्रकवर नीट बांधलीय ना?"

"साखळदंडानं बांधलीय. पण उचलली की करकरते आणि अर्ध्यातच थांबते."

"पाय टेकवलेत का?" ट्रक डुलू नये म्हणून त्याला चार लोखंडी पाय असतात.

"डावा टेकत नाही."

"खाली फळी घाल. कंबरेत वंगण ओत. तरी नाही उठली तर हातोडा घाल!"

"मोडली तर?"

"मोडू दे! नवी करू. पण उद्या पाहुण्यांसमोर तिचं तोंड वर झालंच पाहिजे!"

आरशात बघतो तर मागे दारात आत्या. हातात माझा चहा. तिनं कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी स्वतःची कंबर धरली.

"मला मोडून तुला काय मिळणार रे?" ती म्हणाली.

"अगं, तू नाहीस! ती दुसरी आत्या!"

तोंडातून शब्द गेला आणि मी जीभ चावली.

"तुझ्या बापाला मी एकुलती एक बहीण. दुसरी कुठून आली?"

आता खरं सांगावं तर नोकरी जाते, न सांगावं तर आजोबांची अब्रू जाते! मी नोकरी धरली. "मला सांगता येत नाही, आत्या. वरून बंदी आहे."

"वरून म्हणजे? तुझ्या आजोबांनी मरताना शपथ घातली होती?"

मी नुसती मान हलवली. कशी हलवली ते माझं मलाच कळलं नाही, पण आत्यानं ती 'हो' अशी वाचली. ती मटकन खाली बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

"जन्मभर वाटायचं रे, आपल्याला एक बहीण असती तर! आणि ती निघाली ती ही अशी. ट्रकवर बांधलेली!"

आवाज ऐकून आलेल्या माझ्या बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की उरलेली दाढी मी केलीच नाही.

सोमवारी चौकट झोकात उठली. फोरमननं फळी घातली होती. पाहुणे माना डोलावत होते आणि मी नळ्यांचा क्रम समजावत होतो. एक डावीकडची, एक उजवीकडची, म्हणजे ट्रक एका अंगाला कलत नाही. एवढ्यात निरोप आला. सुरक्षा अधिकाऱ्यांनी फाटकावर ताबडतोब बोलावलंय.

फाटकाच्या खोलीत आत्या बसली होती. मांडीवर पिशवी. पिशवीत गुडघ्याच्या तेलाची बाटली आणि एक नवी साडी. समोर सुरक्षा अधिकारी, घामाघूम.

"या बाई आत्याला भेटायचं म्हणतात," ते मला म्हणाले. "कंबर कुठं अडकते, कुठला पाय टेकत नाही, कशानं बांधलीय, सगळं यांना माहीत आहे! कुणी सांगितलं विचारलं तर म्हणतात, भाच्यानं!"

"सख्ख्या बहिणीला भेटायला परवानगी लागते का?" आत्या कडाडली. मग जी सुरू झाली! त्या अधिकाऱ्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा तसंच मिटलं.

तेवढ्यात बाहेरून फोरमन ओरडला, "आत्या चाचणीला निघाली! फाटक उघडा!"

आत्या धडपडत खिडकीशी गेली. ताडपत्रीनं झाकलेला ट्रक हळूहळू समोरून गेला. ताडपत्रीखालून नळ्यांची टोकं दिसत होती. आत्यानं ती एकेक करून निरखली.

"ही?"

"ही," मी म्हणालो.

"म्हणजे बहीणबिहीण कुणी नाही."

"नाही गं. चुकलं माझं."

पिशवीतून डोकावणारी साडी तिनं आत खोचली. ते बघून मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेमका तेव्हाच फोरमन आत डोकावला.

आत्यानं त्याला विचारलं, "हिला आत्या का म्हणता हो?"

फोरमन सरळ माणूस. "एकदा सुरू झाली की थांबत नाही, आणि समोरचा शिल्लक राहत नाही, म्हणून. साहेबांनीच ठेवलं नाव!"

सुरक्षा अधिकाऱ्यांनी नुकताच अनुभव घेतला होता. त्यांनी नकळत मान डोलावली. मग भानावर येऊन म्हणाले, "ते काही नाही. नाव फुटलं. आजच्या आज बदला!"

"मी सुचवते," आत्या म्हणाली.

माझी नोकरी वाचली. आत्याही घरीच आहे, आणि माझ्याशी बोलते. गुपित तर ती माझ्यापेक्षा चांगलं ठेवते. फक्त रविवारी फोन आला की स्पीकर आता तीच लावते.

"साहेब, ठोंब्या आज पुन्हा अडलाय. काही केल्या हलत नाही. हातोडा घालू का?"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज येतो, "घाला! आणि जरा जोरात घाला!"