कुवेतच्या वेळेने सल्ला

परदेशस्थ नागरिकांना आर्थिक सल्ला देणाऱ्या इसमाची पात्रता काय असावी, हा प्रश्न मंगरूळपीर शहरात सन १९७६ पर्यंत उपस्थित झाला नव्हता, कारण तोवर शहराचा एकही नागरिक परदेशस्थ नव्हता. त्या वर्षी तालुक्यातली काही पोरं वेल्डर, सुतार म्हणून कुवेतला गेली. तिकडून घरच्यांना पैसे येऊ लागले आणि खेमचंद कापडवाल्यांच्या कांतीलालने वडिलांच्या दुकानावर पाटी लावली : ‘परदेशस्थांचे आर्थिक सल्लागार’. पाटीखाली ‘बी.कॉम.’ असे लिहिले होते आणि ते खरे होते. तिथेच त्याचे चुकले.

पहिले गिऱ्हाईक म्हणजे गोजराबाई. तिचा मुलगा हेमसिंग कुवेतला वेल्डर होता. तिच्या कोरडवाहू वावराला लागून मारोतरावांचे विहिरीचे वावर होते आणि त्या विहिरीचे पाणी तिने जन्मभर मारोतरावांना विचारून भरले होते. आता ते वावर विकायला निघाले होते. पाडव्यापर्यंत तुझ्यासाठी थांबतो, असा शब्द मारोतरावांनी तिला दिला होता.

कांतीलालने ऐकून घेतले आणि तिथल्या तिथे सांगितले, “काकू, तुमच्या अन् हेमसिंगच्या नावानं बँकेत खातं उघडा. पैसे तिथून चेकनं मारोतरावले द्या अन् त्याच दिवशी खरेदीखत करून घ्या. झालं.”

“तुमचे पैसे किती झाले?”

“काई नाई.”

गोजराबाई घाबरली. इतक्या लवकर आणि फुकट सांगितले, म्हणजे सल्ला कच्चा असणार. ती तडक रामरावांकडे गेली. रामराव हे माजी सभापती आणि परदेशस्थ हितरक्षण समितीचे अध्यक्ष. त्यांच्या ओसरीवर चहा पीत असलेला प्रत्येक जण, कप संपेपर्यंत, समितीचा सदस्य असे. त्यांनी तो सल्ला तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि कांतीलालला चौकशीसाठी बोलावले.

“समुद्र पाह्यला काय तुमी?”

“नाई.”

“इमान?”

“वरून जातांना पाह्यलं.”

“मंग जो पैसा समुद्रावरून इमानानं येऊन राह्यला, त्याले तुमी काय सांगसान?”

पैसा बँकेच्या ड्राफ्टने टपालातून येतो, असे कांतीलालने सांगून पाहिले. समितीने त्याची उद्धटपणा म्हणून नोंद घेतली.

कांतीलाल मुंबईला निघाला. कुवेतला जाणाऱ्याला देतात तसा त्याला एस.टी. स्टँडवर हार घालून निरोप मिळाला. आई अंगुरीबाईने हातावर दही ठेवले आणि डोळे पुसले. मुंबईत त्याने समुद्र पाहिला, हात लावून खात्री केली आणि विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे राहून विमाने पाहिली. परतल्यावर पुन्हा हार पडले. पण समिती अर्धीच समाधानी होती.

“पाहून आले, पन तिकडं राह्यले कुठं?” रामराव म्हणाले. “मानूस इथं असला तरी चालन. घड्याळ तरी तिकडलं पाह्यजे.”

कांतीलालने मनगटावरचे घड्याळ अडीच तास मागे घेतले. त्याच दिवशी दुकानासमोर रांग लागली. मागे पडलेले घड्याळ पाहून रागावलेल्या खेमचंदांनी रांग पाहिली आणि आतून बाक आणून टाकला. पाटीवर ‘कुवेत वेळ पाळली जाते’ हे मावेना, म्हणून पेंटरने ‘बी.कॉम.’ पुसले. कांतीलालला आधी लाज वाटली. नंतर फी लावली तेव्हा लाज कमी झाली.

सल्ला केंद्र सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबाराला उघडू लागले. कुवेतची सुटी म्हणून शुक्रवारी ते बंद असे आणि बँक बंद असलेल्या रविवारी सुरू. या नव्या वेळेत गोजराबाई पहिल्यांदा आली ती सकाळीच, तेव्हा कांतीलाल तिच्यासमोर धोतराच्या घड्या घालत होता.

“हा कांती हाये,” खेमचंद म्हणाले, “पन सल्लागार अजून उठला नाई.”

दुसऱ्यांदा ती आली तो शुक्रवार निघाला. अखेर पाडव्याच्या आदल्या रविवारी तिचा नंबर लागला. कांतीलालने डोळे मिटले, बराच वेळ घड्याळ कानाला लावले आणि पूर्वीचाच सल्ला शब्दशः दिला.

“आता पटलं,” गोजराबाई फी ठेवत म्हणाली. “तवा काहून असं नाई सांगतलं?”

सोमवारी पाडवा होता, त्यामुळे बँक बंद. मंगळवारी बँकेत सोबत यायचे सल्लागाराने कबूल केले होते. गोजराबाई नवे लुगडे नेसून भल्या सकाळीच दुकानाच्या पायरीवर बसली. कुवेतमध्ये अजून उजाडायचे होते. कांतीलाल दुपारी बँकेत जायला निघाला तेव्हा मारोतरावांच्या वावराचे रामरावांच्या नावे खरेदीखत होऊन गेले होते. फुकटचा सल्ला ऐकला त्याच दिवशी त्यांनी बँकेत खाते उघडून ठेवले होते.

कांतीलालला खरेच वाईट वाटले. त्याने फी परत करायला हात पुढे केला.

“राहू द्या, कांतीभाऊ,” गोजराबाई म्हणाली. “सल्ला बराबर होता. वावरच थांबलं नाई.” मग ती घरी जाऊन घागर घेऊन निघाली. विहीर तीच होती. आता रामरावांना विचारायचे होते.

तुम्ही हसलात, हे ठीक झाले. आता तुम्ही विचाराल की, हे सांगणाऱ्या माझी तरी पात्रता काय? काहीच नाही. हीच गोष्ट मी मंगरूळपीरच्या एस.टी. स्टँडवर तुम्हाला तोंडी, फुकट सांगत होतो. तेव्हा तुम्ही ‘बस लागली’ म्हणून मध्येच उठून गेलात. बस लागली नव्हती. आज पुस्तकात छापून आली, तेव्हा विकत घेऊन शेवटपर्यंत वाचलीत.