नरसय्या मास्तरांचा बेसूर

नरसय्या मास्तर चहावर फुंकर मारत नसत. बशीत ओतलेला चहा समोर ठेवून ते त्याच्याकडे बघत बसायचे आणि तो आपणहून निवला की प्यायचे. सोलापूरच्या उन्हाळ्यात चहा निवायला किती वेळ लागतो हे सोलापूरकराला सांगायला नको. तोवर आमचा दुसरा कप व्हायचा. एकदा न राहवून मीच त्यांच्या बशीवर फुंकर घातली, तर म्हणाले, "पंत, उगं हवा घालवू नका. तुमी पेटीवाले. तुमाला भात्यात फुकट मिळती, म्हून किंमत न्हाई."

मास्तर लग्नाच्या बँडात ट्रंपेट वाजवत. देवानं माणसाच्या छातीत ठरावीकच हवा भरलेली असते, ती भलत्या ठिकाणी घालवली की बाजाच्या वेळी कमी पडते, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यामुळे ते दिवा फुंकून विझवत नसत. वात चिमटीत धरून विझवत. शीळ घालत नसत. चूल पेटवायची तर पुठ्ठ्यानं वारा घालत, आणि हसत तर मुळीच नसत. फारच गंमत वाटली तर पोट हलायचं, पण आवाज बाहेर यायचा नाही. त्यांचं पोट हलवणं हा बँडातल्या लोकांचा आवडता उद्योग होता.

हवेच्या खालोखाल ओठ. सकाळ-संध्याकाळ ओठांना लोणी लागायचं. थंडी असो की ऊन, तोंडावर मफलर. आणि शेंगाचटणी वर्ज्य. सोलापुरात जन्मून, सोलापुरात वाढून शेंगाचटणीला न शिवलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. पंगतीत वाढप्यानं चटणी टाकलीच तर ते पान एवढं दूर सरकवत की शेजारच्याचं पान उलटायचं.

"वठ म्हंजे माजं हत्यार हाय," ते म्हणायचे. "सुतार काय रंद्याला चटणी लावतो व्हय?"

त्यांचं घराणं विणकरांचं, घरात तेलुगू चालायचं. बाप, भाऊ सगळे मागावर. हे एकटेच पोरवयात पळून एका पलटणीच्या बँडात गेले आणि तिथल्या गोव्याच्या मास्तराकडून ट्रंपेट शिकून आले. नुसतं वाजवायलाच नाही, पाच रेघांवरचे विलायती सूर वाचायलाही शिकले. त्या काळ्या ठिपक्यांना ते मुंग्या म्हणत. "बाकीचे कानानं वाजवत्यात. म्या मुंग्या वाचतो," हे सांगताना छाती थोडी पुढं यायची. लग्न झालं होतं, पण बायको वर्षाच्या आत गेली. नंतर भावाच्या घरातली, मागाला लागून असलेली एक खोली हाच त्यांचा संसार. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की खोलीतूनच शेरा यायचा, "आज जरा उतरलाय." मग ट्रंपेटवर त्याचा नीट सूर लावून दाखवायचे. गिरणीवर काही परिणाम व्हायचा नाही.

इथवरचं सगळं मी गेली पन्नास वर्षं सांगत आलो आहे. हापिसात, लग्नाघरी, माझ्या निवृत्तीच्या समारंभात. लोक पोट धरून हसले आहेत. पण या गोष्टीचा शेवट मी दर वेळी खोटा सांगितला. आता माझं वय ऐंशीच्या पुढं गेलं आहे. खरा शेवट ठाऊक असलेला दुसरा कुणी उरलेला नाही, म्हणून लिहितो.

मास्तरांची एकच इच्छा होती. वरातीत बँड पुढं चालतो, घोडा मागनं येतो, लोक बोलत, भांडत, फटाके उडवत चालतात. वाजतंय काय याकडं कुणाचं लक्ष नसतं. मास्तर म्हणायचे, "पंत, येकदा तरी लोक बसलेले पायजेत आन म्या उभा. कुणी चालायचं न्हाई. म्याबी न्हाई."

तो योग एकदाचा आला. एकोणीसशे तीस उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. मी एका गिरणीच्या हापिसात कारकून होतो. मिशनच्या शाळेत शिकताना तिथल्या बाईंनी मला पियानो शिकवला होता, हे गिरणीच्या मॅनेजरसाहेबांच्या मडमेला कळलं. क्लबाच्या दिवाणखान्यात होतकरू वादकांची विलायती शास्त्रीय संगीताची बैठक ठेवायचं तिच्या मनात होतं. पहिली पसंत पडली तर थंडीभर दर महिन्याला. "और कौन है?" तिनं विचारलं. मी नरसय्या मास्तरांचं नाव सांगितलं. एवढं एक काम मी चांगलं केलं.

कार्यक्रमाची छापील पत्रिका मी त्यांना वाचून दाखवली. चाळिशी उलटलेले, मिशा पिकायला लागलेले मास्तर ऐकत होते.

"होतकरू म्हंजे?"

"ज्यांचं अजून व्हायचंय ते."

"मग बराबर लिवलंय की."

मडमेनं आम्हाला वाजवायच्या चिजेची एकच वही दिली. वरच्या ओळीत गाणाऱ्याचे सूर, खालच्या दोन ओळींत पियानोचे. वरची ओळ मास्तरांनी ट्रंपेटवर घ्यायची, खालच्या मी. आधी एक संथ चाल, मग एक पळती. पियानो मात्र क्लबात कुलपात. तो बैठकीच्या दिवशीच उघडायचा. म्हणून तालीम माझ्या खोलीत, माझ्या पेटीवर.

पहिल्याच सुराला दोघं दचकलो. वहीत लिहिलेला सूर मी पेटीवर पांढरी एक म्हणून दाबला आणि त्यांच्या ट्रंपेटमधनं निघाली काळी पाच. माझ्यापेक्षा पेटीची दोन घरं खाली. मास्तर शांतपणे म्हणाले, "ट्रंपेट असाच असतो. लिवलेलं येक, बोलतो दुसरं."

माझी पेटी सरकत्या फळ्याची होती. एक दांडी ओढली की पट्ट्यांचा सगळा फळा डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचा. बोटं तीच ठेवून सूर बदलायचा. मी दांडी ओढली, फळा दोन घरं डावीकडे नेला आणि लागलो वाजवायला. सूर असा जुळला की मास्तरांचं पोट हलून गेलं. तीन महिने तालीम झाली. फळा सरकवला तो सरकवलेलाच राहिला. पंधरा दिवसांनी तो सरकवला आहे हेही मी विसरलो.

बैठकीच्या संध्याकाळी मास्तर इस्त्रीचा कोट घालून आले. मफलर नव्हता, ओठांवर लोणी चकाकत होतं. खुर्च्यांवर साहेबलोक, दोन-तीन वकील, एक डॉक्टर, मागं हापिसातली मंडळी. सगळे बसलेले. मास्तरांनी पडद्याआडून बघितलं आणि माझ्या कानात म्हणाले, "बसल्यात ओ!"

मी पियानोपुढं बसलो, मान डोलावली आणि आम्ही सुरुवात केली.

पियानोला दांडी नसते. एवढी साधी गोष्ट मिशनच्या शाळेत तीन वर्षं पियानो वाजवलेल्या माणसाला पहिला सूर निघाल्यावर आठवली. मी वहीप्रमाणे वाजवत होतो, ट्रंपेट दोन घरं खाली. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं कानाशी हात नेला. चार ओळी तशाच गेल्या. पुढच्या ओळीला मी धीर करून बोटं दोन घरं खाली आणली.

नेमकं त्याच क्षणी मास्तर दोन घरं वर गेले.

अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकतात, तसं झालं. आता ते वर, मी खाली. घाबरून मी परत वर गेलो; तेही मला सांभाळायला परत खाली आले. मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. आमच्या हापिसातलाच कुणीतरी म्हणाला, "वरातीला घोडा नाही वाटतं!"

मग मास्तरांनी एक केलं. ट्रंपेट ओठांवरून काढला, छातीशी धरला आणि नुसते उभे राहिले. मान खाली घालून, ताठ. माझा एकट्याचा पियानो उरला, आणि एकटा असल्यामुळे तो सुरात होता. पुढची सगळी चीज मी वाजवली, संथही आणि पळतीही. ते शेवटपर्यंत तसेच उभे होते. टाळ्या झाल्या. त्या मला झाल्या.

मडम जवळ आली. "क्या हुआ, मास्टर?" तिनं त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, पुढचा सूर मी द्यायचा असेल तेव्हा बघायचे, तसं.

मी म्हणालो, "थंडीनं पितळ उतरतं, मॅडम. ट्रंपेट उतरला."

थंडीनं पितळ उतरतं हे खरं आहे, पण केसभर. आमच्यात अख्ख्या दोन घरांचा फरक होता, आणि तो माझ्या विसरण्यामुळे होता. हे त्या दिवाणखान्यात मला एकट्यालाच कळतंय, असं मला वाटलं.

"व्हय मडम," मास्तर म्हणाले. "बाजा गार पडला."

पुढच्या दोन बैठकांना मडमेनं मला एकट्याला बोलावलं. मी गेलो. साहेब मला नावानं हाक मारू लागले. हापिसात लोक विचारायचे, त्या बँडवाल्याचं काय झालं हो? मी सांगायचो: हवेची एवढी काटकसर केली की ऐन वेळी हवाच निघेना. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नजर फायलीवर ठेवली. दुसऱ्यांदा ठेवली नाही. पुढं मी त्यांची बोलण्याची ढबही उचलली.

वैशाखात आमच्या हेडक्लार्कांच्या मुलीची वरात निघाली. मास्तर वाजवत तोच बँड. पण पुढं क्लॅरिनेटवाला होता. मास्तर सगळ्यात मागच्या रांगेत, ढोलाच्या शेजारी. मी बँडच्या मालकाला विचारलं तर म्हणाला, "त्याचं नाव झालंय ओ साहेब बेसूर म्हणून. गिऱ्हाईक म्हणतं, पुढं नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. सगळं सांगून टाकायचं, मग त्यांच्याबरोबर बँडच्या मालकाकडं जायचं आणि सोमवारी साहेबांकडं, असं मनात घोकत गेलो. भाऊ मागावर बसला होता. खटखट चालू होती.

"या पंत, या. उन्हाचं आलाव."

"मास्तर, त्या दिवशी क्लबात..."

"थांबा. आदी हे बगा."

त्यांनी उशाखालून एक वही काढली. शाळेच्या पोरांची असते तशी, हातानं रेघा मारलेली. आमची सगळी चीज त्यांनी पुन्हा लिहून काढली होती. प्रत्येक मुंगी रेघांवर एक पायरी, म्हणजे पेटीची दोन घरं, वर.

"आता ट्रंपेट पियानोबराबर बोलतोय," ते म्हणाले. "तुमी हुतं तसंच वाजवायचं. तुमची बोटं तितं बसल्यात, ती आता हलायची न्हाईत. म्हून म्याच वर चडलो."

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"पैल्या सुराला की. पियानोला दांडी कुटली?" त्यांचं पोट हललं.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमाला त्या साहेबाच्या हापिसात रोज बसायचंय. म्या काय, वरातीतला. वरातीत सूर कोण इचारतंय?" ते वही सारखी करत होते. "चार महिने लागले. पळत्या चालीत अजून येके ठिकाणी अडकतंय. पन थंडीपतुर बसतंय. या थंडीला मडम परत बोलावत्याल न्हवं?"

मडम मार्चमध्येच विलायतेला गेली होती, कायमची. क्लबातल्या बैठका बंद झाल्या होत्या. पियानोला कुलूप लागलं होतं, आणि ते लावताना मी तिथं होतो.

"बोलावतील की," मी म्हणालो.

"मग येकदा करूनच बगू या." त्यांनी भावाला तेलुगूत काहीतरी सांगितलं. माग थांबला. खोली एकदम शांत झाली. "पेटी न्हाई हितं. तुमी फळीवर नुस्ती बोटं चालवा. माज्या कानात हाय पियानो."

भिंतीशी एक फळी होती, त्यावर सुताच्या लडी होत्या. त्या मी बाजूला केल्या आणि जमिनीवर बसलो. सांगायला आलो होतो ते अजून तोंडात होतं. मास्तरांनी ओठ पुसले, लोणी लावलं, ट्रंपेट उचलला आणि डोळ्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली.

संथ चाल झाली, पळती झाली. अडकायची जागा आली तिथं ते अडकले, मी थांबलो, मग दोघं मिळून पुढं गेलो. दारात भाऊ येऊन उभा होता. चीज संपली तेव्हा मास्तर धापा टाकत म्हणाले, "येकदाबी चुकला न्हाई तुमी."

फळीवर कोण चुकतो! मी "हो" म्हणालो, लडी परत जागेवर ठेवल्या आणि निघून आलो.