पावणं, गाण्यावर या

रंगाअण्णाच्या घरी सात कॉलर-माइक आहेत आणि त्यातला एकही त्याने विकत घेतलेला नाही. मुलाखत अर्ध्यावर टाकून तो उठतो, तेव्हा सदऱ्याला लावलेला माइक तसाच त्याच्याबरोबर घरी येतो. वहिनी सदरा धुवायला टाकताना तो काढतात आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवून देतात. चॅनेलची माणसं चार दिवसांनी माइक न्यायला येतात, पण दारात अण्णा दिसला की "सहज आलतो" म्हणून परत फिरतात.

अण्णा आमच्या पेठेच्या टीमचा गोलकीपर होता. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे. एवढंच सांगतो की मॅचच्या दिवशी आमच्या मंगळवार पेठेत कुणी लग्नाची तारीख धरत नाही. एका फायनलमध्ये शेवटच्या मिनिटाला अण्णाने एक सेव्ह केला आणि कप पेठेत आला. ती त्याची शेवटची मॅच. त्यानंतर त्याने हातमोजे घातलेच नाहीत. ऐन भरात असताना सोडलं, म्हणून लोकांना त्याचं जास्तच कौतुक. पंचवीस वर्षं उलटली तरी अण्णा रिक्षात बसला की रिक्षावाला आधी त्या सेव्हबद्दल बोलतो आणि मग कुठं जायचं ते विचारतो.

फुटबॉल सोडला आणि अण्णा गायला लागला. भावगीतं. मी त्याच्या समोरच्या घरातला, दूध संघात क्लार्क आणि हौशी तबलजी, त्यामुळे साथीला मी. त्याचा आवाज वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मोठा आहे. गोलपोस्टात उभं राहून मैदानाच्या मध्यावरच्या खेळाडूला शिव्या घालून तयार झालेला आवाज आहे तो. काळी दोनमध्ये सुरू करतो, आणि दुसऱ्या कडव्याला तो कुठल्या पट्टीत असतो ते ना मला कळत, ना पेटीवाल्याला. तरी गणपतीत, नवरात्रात, कुणाच्या साठीच्या समारंभात आमचे कार्यक्रम होतात आणि खुर्च्या कमी पडतात. लोक गाणं ऐकायला येत नाहीत, अण्णाला बघायला येतात. हे त्यालाही माहीत आहे.

घोटाळा होतो तो मुलाखतीत. अण्णाची अट एकच असते, फुटबॉलचं नाव काढायचं नाही. सगळे मान डोलावतात आणि तिसऱ्या प्रश्नाला सेव्हवर येतात. अण्णा पहिल्यांदा शांतपणे सांगतो, "पावणं, गाण्यावर या." दुसऱ्यांदा तेच जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा उठतो.

एका निवेदकाने तर बिचाऱ्याने फुटबॉल हा शब्दही उच्चारला नव्हता. "संगीताच्या मैदानात आपण कसे उतरलात?" एवढंच त्याने विचारलं. अण्णा उभा राहिला. "मैदान म्हनालास न्हवं? मग तिथंच जाऊन विचार जा." घरातला पाचवा माइक तो.

एका रेडिओ केंद्रावर थेट प्रक्षेपण चाललं होतं. निवेदिका म्हणाली, "अण्णा, ते शेवटचं मिनिट आमच्या श्रोत्यांना..." अण्णाने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. आलाप सुरू केला. जाहिरातीची वेळ आली आणि गेली. काचेपलीकडचा माणूस दोन्ही हातांनी थांबा-थांबा करत होता. अण्णाचे डोळे मिटलेले. निवेदिकेने मला खुणेने विचारलं, कधी थांबतील? मी खुणेनेच सांगितलं, मला काय माहीत. अकरा मिनिटांनी तो थांबला आणि बातम्या लागल्या.

एका पत्रकाराला तर त्याने प्रश्नच विचारू दिला नाही. "आधी सा लाव. मग काय ते विचार." त्याने लावला. "उतरलाय. पुन्ना लाव." तासाभराने तो पोरगा वही मिटून गेला, आणि अण्णा मला म्हणाला, "बरा हाय गळा त्याचा. पत्रकारितेत वाया चाललाय."

मला वाटायचं, अण्णाला गायक म्हणून मान हवाय, म्हणून हा सगळा त्रागा. मग गेल्या हिवाळ्यात प्रज्ञा आली. ही चंदगडची मुलगी, गायकांच्या मुलाखती घेऊन मोबाइलवरून यूट्यूबला टाकते. पेठांच्या फुटबॉलशी तिचा संबंध नाही. तिने अण्णाची गाणी खरोखर ऐकली होती. चाल कुणाची, रियाज कधी, भैरवीच का आवडते, असे प्रश्न. अण्णा फुलला. वहिनींना म्हणाला, "पोरीला च्या दे अजून." मी मनात म्हटलं, एक तरी मुलाखत पार पडली.

तेवढ्यात तिने विचारलं, "अण्णा, तुमचे गुरू कोण?"

अण्णाने पेटीचा भाता बंद केला. मग उठून आतल्या खोलीत गेला, तो बाहेर आलाच नाही. प्रज्ञाचा चेहरा पडला. "काका, माझं काय चुकलं?" मला अण्णाचा खरंच राग आला. दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगून टाकलं, "तबल्याला दुसरा कोणतरी बघ." समोरासमोर घरं असून आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

दर गुरुवारी दुपारी अण्णा स्कूटर काढून कुठंतरी जायचा. कुठं, ते त्याने कधी सांगितलं नव्हतं. त्या गुरुवारी त्याने स्कूटर माझ्या दारात आणून उभी केली.

"बस."

"कुठं?"

"बस म्हनतोय न्हवं."

उसाच्या ट्रॅक्टरांमागून रखडत आम्ही जयसिंगपूरला पोचलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक छोटं घर, बाहेर संगीत वर्गाची पाटी. आत एक सडपातळ गृहस्थ बसले होते, डावा पाय स्टुलावर सरळ ठेवून. अण्णा त्यांच्या पाया पडला. "हे भरतमास्तर," तो मला म्हणाला. "माझे गुरू."

मग तो सतरंजीवर मांडी घालून बसला आणि गायला लागला. मास्तर प्रत्येक ओळीला थांबवत होते. "रंगा, उतरलास. पुन्हा." आणि ज्याने आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही तो अण्णा म्हणत होता, "व्हय मास्तर."

माझं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथं त्या सेव्हचा फोटो होता, आमच्या पेठेतल्या दर दुसऱ्या सलूनमध्ये असतो तो. अण्णा आडवा झेपावलेला, बॉल छातीशी. शिकवणी संपल्यावर अण्णा बादल्या घेऊन पाणी भरायला मागं गेला. मास्तरांनी मला फोटोकडे बघताना पाहिलं होतं.

"कडेला एक पाय दिसतोय बघा," ते म्हणाले. "तो माझा."

मी कितीदा तो फोटो बघितला असेल. पाय कुणाचा, हे कधी मनात आलं नव्हतं.

"कॉलेजला कोल्हापुरात होतो. समोरच्या टीमकडनं खेळायचो. बॉल माझ्याकडं आणि पुढं एकटा रंगा. तो पुढं आला. बॉल आधी त्याच्या हातात गेला, मग आम्ही दोघं एकमेकांवर. फाऊल नव्हता. मी पाय मागं घेऊ शकलो असतो. घेतला न्हाई, मला गोल दिसत होता." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "तीन ऑपरेशनं झाली. वाकत न्हाई तो न्हाईच. रंगा रोज दवाखान्यात यायचा. बोलायचा न्हाई, नुसता बसायचा. मला घरी आणल्यावर इथंपण यायला लागला. माझी आई म्हणाली, ह्या पोराला काहीतरी काम द्या. मी पडल्या पडल्या पेटी वाजवायचो, म्हटलं, भाता मार. तिथनं सुरू झालं हे."

"अण्णा गातो बरं," मी उगाच म्हणालो.

मास्तर हसले. "तबला वाजवता न्हवं तुम्ही? मग कशाला असं बोलता? गळा न्हाई त्याला. पण इतक्या वर्षांत गुरुवार चुकवला न्हाई. कितीदा सांगितलं, रंगा, तुझी चूक न्हवती. ते काही तो ऐकत न्हाई. गाण्यातली चूक सांगितली की लगेच ऐकतो."

मग म्हणाले, "एकच मागतो मी त्याच्याकडं. एकदा स्टेडियमवर मॅच दाखव. मोबाइलवर बघतो मी सगळ्या, पण ते काय खरं न्हाई. बाकी म्हणेल ते करतो, तेवढं करत न्हाई."

अण्णा भरलेल्या बादल्या घेऊन मागच्या दारात उभा होता. किती वेळ, कुणास ठाऊक.

मास्तर जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. आम्हालाही त्यांनी जेवायला घालूनच सोडलं. परतताना हातकणंगले मागं पडलं. मग अण्णा मान न वळवता म्हणाला, "त्या पोरीला फोन कर."

"काय सांगू?"

"गुरू कोन ते सांगायचं हाय म्हन." थोडं पुढं गेल्यावर, "आनि रविवारी मॅच हाय का बघ."

मॅच होती. मास्तरांना जीपने आणलं. स्टेडियमच्या पायऱ्या चढताना अण्णाने त्यांच्या काखेत हात घातला आणि दोघं एकेक पायरी चढले. मागे गर्दी तुंबली, पण अण्णाला बघून कुणी घाई केली नाही. बसल्यावर प्रज्ञाने मोबाइल धरला, तशी आजूबाजूची पोरं जमली, आणि व्हायचं तेच झालं. एकजण म्हणाला, "अण्णा, त्यो सेव्ह सांगा की."

मी गेटकडे बघून ठेवलं, पळाला तर कुठून पळेल म्हणून.

अण्णा जागेवरच बाजूला सरकला. "ह्यांस्नी विचारा," तो म्हणाला. "त्यो गोल ह्यांचा हुता."

पोरांनी मास्तरांकडे बघितलं, मग त्यांच्या सरळ पायाकडे. मास्तर सांगायला लागले. कुणी पास दिला, किती मिनिटं उरली होती, ऊन कुठल्या बाजूचं होतं. अण्णा समोरच्या रिकाम्या गोलपोस्टकडे बघत होता.

"...आणि मी उजव्या पायानं बॉल पुढं ढकलला," मास्तर म्हणाले.

"डाव्या," अण्णा हळू आवाजात म्हणाला. "डाव्यानं मारत हुतासा, मास्तर."

त्या मॅचबद्दल त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

मास्तरांनी आठवून बघितलं. "व्हय, डाव्याच," ते म्हणाले, आणि पुढं सांगू लागले.