पावडर तीच, फक्त आकार गोल!

महिन्याभरात पोट सपाट करून दाखवतो! ही गर्जना मी मेव्हण्याच्या भर साखरपुड्यात केली आणि स्वतःच्या हातानं खड्ड्यात पडलो. मेव्हणा शिवराज एवढंच म्हणाला होता, "दाजी, लग्नाला ब्लेझर शिवताय खरं, पण बटण लागंल का?" सगळी सासुरवाडी खो खो हसली. मी तिथूनच शिंप्याला फोन लावला, "मापापेक्षा दोन बोटं आत शीव!"

दुसऱ्या दिवसापासून जेवण निम्मं केलं आणि चरबी जाळणाऱ्या पावडरीचा डबा आणला. बायकोला शास्त्र समजावलं, "तनुजा, खाणं कमी केलं की शरीर साठवलेली चरबी जाळतं. ही पावडर म्हणजे त्या चुलीत ओतलेलं रॉकेल!"

"आधी चूल पेटू द्या," ती म्हणाली.

आईला मात्र माझं अर्धं ताट बघवेना. त्यात मी ती पावडर पाण्यात कालवून नाक दाबून पिणार! "औषध कुठं नुसत्या पाण्यात घेत्यात व्हय? तुपातून घेतलं तरच अंगी लागतं," म्हणत तिनं एका दुपारी अख्खा डबा डिंक, खारीक, गूळ आणि गावाकडच्या तुपात रिकामा केला. बाळंतिणीला बांधतात तसे लाडू बांधले!

मी किंचाळलो, "आई, हे काय केलंस?"

"तुजीच पावडर हाय. चिमूटभर बी सांडली नाय."

भुकेल्या माणसाला कुठलंही शास्त्र पटतं. पावडर तीच, फक्त आकार गोल! सकाळी एक, संध्याकाळी एक. हर्सूल तलावावर फिरून आलो की शाबासकीचा आणखी एक.

लग्नाच्या सकाळी कन्नडच्या मंगल कार्यालयात ब्लेझर चढवला. मी श्वास रोखला, तनुजानं दोन्हीकडून ओढलं, बटण लागलं! आणि शिवराज समोर येताच तुटून थेट अक्षतांच्या ताटात पडलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण ह्या पोटासकट तीही घेईना!

तेवढ्यात तनुजा ओरडली, "अगंबाई, आई, केवढ्या बारीक झालात तुम्ही! पोलकं बघा कसं लोंबतंय!"

आई ओशाळली. "ह्यो उपाशी, मंग माज्या घशाखाली घास कसा उतरावा? म्या बी अर्धीच भाकर खाल्ली."

"आणि लाडू?" मी विचारलं.

"ते तुज्या औषधाचे. म्या कशाला खाऊ?"

माझे डोळे भरून आले. बायकांनी आईला गराडा घातला. "सारजाबाई, कसं हो कमी केलं? कुठली पावडर?"

आईनं अभिमानानं माझ्याकडं बोट केलं. "मला काय ठावं? पावडर ह्यो घेतो!"

सगळ्या बायका माझ्या पोटाकडं वळल्या. नाव विचारायला एकही थांबली नाही.